आधी गोळी, मग चौकशी

तालुक्याच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात आज नको असलेली गर्भधारणा टाळणारी 'आय-पिल' मिळते. मागणारा काउंटरवर थोडा वाकतो, आवाज खाली आणतो, दुकानदार वर न बघता पाकीट कागदात गुंडाळून देतो. अर्ध्या मिनिटात व्यवहार उरकतो. ही गोळी 72 तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी, हे आता कॉलेजातल्या पोरापोरींनाही ठाऊक आहे. टीव्हीवरच्या जाहिरातींनी ते काम चोख केलं. पण त्याच रात्रीच्या त्याच असुरक्षित संबंधातून आणखी एक धोका येऊ शकतो, त्यावरही गोळी आहे आणि तिचीही मुदत 72 तासांचीच आहे, हे फार थोड्यांच्या कानावर गेलेलं असतं.

या दुसऱ्या गोळीच्या उपचाराला डॉक्टर मंडळी 'पेप' म्हणतात. एचआयव्हीचा विषाणू अंगात शिरला असण्याची शक्यता आहे, पण त्यानं अजून बस्तान बसवलेलं नाही, अशा मधल्या काळात सुरू करायचं आणि 28 दिवस चालवायचं हे औषध. दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, पहिल्या दिवशी झालं तरी चांगलं, 72 तास उलटल्यावर मात्र ते देण्यात अर्थ उरत नाही. दिसायला निर्णय सोपा आहे: घ्यायची की नाही? पण हा निर्णय ज्याला घ्यायचा असतो तो त्या वेळी घाबरलेला, शरमलेला आणि बहुधा एकटा असतो. शिवाय माणूस कुठे आहे, यावरही बरंच काही ठरतं.

आपण सरदारपूर धरू. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. इंग्रजांच्या काळात इथे भोपावर एजन्सीचं ठाणं आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. जिल्ह्याचं गाव धार म्हणजे पवारांची गादी. पलीकडे देवासला त्याच घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची राज्यं नांदली, त्यामुळे या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आज सरदारपुराजवळून इंदूर-अहमदाबाद रस्ता जातो. ट्रकांची ये-जा दिवसरात्र चालते आणि धार, झाबुआ, अलिराजपूरकडचे भिल्ल मजूर हंगामात कामासाठी गुजरातेत उतरतात. असं असूनही मध्य प्रदेशात एचआयव्हीचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. देशातही प्रौढांमध्ये ते सुमारे 0.2 टक्के, म्हणजे हजारात दोन इतकंच आहे. रस्ता, ट्रक, मजूर असे शब्द एका ओळीत आले की वाचणाऱ्याच्या मनात लगेच एक चित्र तयार होतं. आकडे त्या चित्राला दुजोरा देत नाहीत.

आता समजा, या गावातला एक तरुण शनिवारी रात्री इंदूरहून परत आला. निरोध वापरला नव्हता, किंवा वापरला तो फाटला. रविवारी सकाळी मनात पाल चुकचुकते. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद. गावातल्या डॉक्टरांकडे जावं, तर ते वडलांचे स्नेही. औषधाच्या दुकानात शाळेतला वर्गमित्र बसलेला. तो दिवसभर मोबाइलवर वाचत राहतो आणि वाचून आणखी घाबरतो. सोमवारी हिंमत करून धारला जायचं, तर घरी काय सांगणार? मंगळवारी तो धारच्या जिल्हा रुग्णालयात पोचतो, रांगेत उभा राहतो, त्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवतात. मंगळवारी रात्री 72 तास पुरे. या सगळ्यात रस्त्यावर गेलेला वेळ तासा-दीड तासाचा आहे. बाकीचा वेळ लाजेनं खाल्ला.

72 तासांची ही हद्द कुठून आली, ते शरीरात काय घडतं यावरून कळतं. योनी, गुदद्वार किंवा लिंगाच्या आतल्या नाजूक त्वचेतून विषाणू शिरला की लगेच रक्तभर पसरत नाही. आधी तिथल्याच पहारेकरी पेशींना तो चिकटतो. त्या पेशी त्याला जवळच्या लसिका ग्रंथींकडे नेतात. तिथे त्याला हव्या त्या पांढऱ्या पेशी दाटीवाटीनं सापडतात, तो वाढतो आणि मग रक्तात उतरतो. या प्रवासाला काही दिवस लागतात. प्रत्येक पेशीत त्याला दोन कामं करावी लागतात: आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढायची आणि ती प्रत पेशीच्या गुणसूत्रात खोचायची. दुधात विरजण एकदा कालवलं की परत वेगळं काढता येत नाही, तसंच हे दुसरं काम झालं की ती पेशी जगेपर्यंत विषाणूची झाली. आज आपल्याकडे 'पेप'साठी जी एक गोळी देतात तिच्यात तीन औषधं असतात. टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम आणि लॅमिव्ह्युडिन 300 मिलिग्रॅम ही दोन प्रत काढण्याचं काम अडवतात. डॉल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम खोचण्याचं काम अडवतं. औषध बसलेल्या विषाणूला हुसकावत नाही, फक्त नव्या पेशीत बसू देत नाही. म्हणून सगळी मदार वेळेवर.

याचा पुरावा काय? माणसांवर थेट प्रयोग करून तो कधीच मिळणार नाही. धोका पत्करलेल्या निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना साखरेची, असं कुठलीही नीतिसमिती करू देणार नाही. त्यामुळे पुरावा दोन बाजूंनी गोळा झाला आहे. एक बाजू माकडांची. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात मकाक माकडांना एचआयव्हीचा सख्खा भाऊबंद असलेला विषाणू शिरेतून टोचला आणि टेनोफोव्हिर दिलं. 24 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस दिलं तेव्हा माकडं वाचली. सुरुवात 48 किंवा 72 तासांवर नेली, किंवा 28 दिवसांऐवजी 3 किंवा 10 दिवसांतच औषध थांबवलं, तेव्हा सगळी वाचली नाहीत. डॉक्टर 'जितक्या लवकर' आणि '28 दिवस' या दोन्ही गोष्टींचा आग्रह धरतात, त्याच्या मुळाशी मुख्यतः हे काम आहे.

दुसरी बाजू दवाखान्यातल्या लोकांची. 1997 साली अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटलीतल्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई लागून बाधित झालेले 33 कर्मचारी आणि तशीच सुई लागूनही न झालेले 665 यांची त्यात तुलना होती. झिडोव्ह्युडिन हे त्या काळचं एकच औषध ज्यांनी घेतलं, त्यांच्यात लागण होण्याची शक्यता 81 टक्क्यांनी कमी दिसली. आजची तीन औषधांची गोळी त्याहून सरस आहे, असं मानायला चांगलं कारण आहे. तरी शंभर टक्के हमी कुणी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जरा लांबच राहावं.

आता मूळ प्रश्न: घ्यायची कुणी? धोक्याचे आकडे माहीत नसले की एक जण उगाच घाबरतो आणि दुसरा उगाच निर्धास्त राहतो. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो औषधावर नाही, असं धरलं तर एका वेळच्या संबंधातून लागण होण्याचं सरासरी प्रमाण असं मोजलं गेलं आहे. योनिमार्गाच्या संबंधात पुरुषाला 10 हजार वेळांमागे सुमारे 4, स्त्रीला 8. गुदमैथुनात वरच्याला 11 आणि स्वीकारणाऱ्याला 138, म्हणजे 72 वेळांमागे एक. नशेची सुई वाटून घेतली तर 63. दवाखान्यात सुई टोचली तर 23. मुखमैथुनातला धोका इतका कमी की आकड्यात पकडणं अवघड. चुंबन, मिठी, एका ताटात जेवण, डास यांतून धोका नाहीच.

या आकड्यांना अजून एकदा गुणावं लागतं, कारण बहुतेक वेळा जोडीदाराला एचआयव्ही आहे की नाही हेच माहीत नसतं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये भारतात हे प्रमाण 2021 च्या सर्वेक्षणात सुमारे 2 टक्के आढळलं. म्हणजे आपल्या सरदारपूरच्या तरुणानं अशा स्त्रीशी एकदा योनिमार्गाचा संबंध ठेवला, तर त्याचा सरासरी धोका 10 हजारांत 4 गुणिले शंभरात 2, म्हणजे 10 लाखांत 8. सव्वा लाखात एक! ब्रिटनच्या मार्गदर्शिकेनुसार धोका हजारात एकाहून जास्त असेल तर 'पेप' द्यावं, हजार आणि दहा हजार यांच्या मधे असेल तर विचार करावा आणि दहा हजारांत एकाहूनही कमी असेल तर देऊ नये. त्या मापानं या तरुणाला तिथला डॉक्टर बहुधा धीर देऊन, तपासणीची तारीख देऊन घरी पाठवेल.

पण याच गावातला दुसरा तरुण घ्या. त्याचा संबंध पुरुषाशी झाला आहे आणि स्वीकारणारा तो आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण त्याच सर्वेक्षणात 3 टक्क्यांच्या थोडं वर होतं. गुणाकार केला तर दहा हजारांत चार ते पाच, म्हणजे साधारण बावीसशे वेळांमागे एक. आधीच्या तरुणापेक्षा पन्नास पटींहून जास्त. इथे गोळीचा विचार गंभीरपणे करावा लागतो, आणि जोडीदार बाधित असून औषध घेत नाही असं कळलं तर विचार करत बसायचंही कारण नाही. गंमत अशी की पहिला तरुण मित्राला तरी सांगेल, दुसरा कुणालाच नाही. ज्याला औषधाची गरज जास्त, त्याचंच तोंड जास्त बंद.

हे आकडे सरासरी आहेत, हे विसरून चालणार नाही. गुप्तांगावर फोड, जखम, सिफिलिस किंवा नागीण असेल, रक्त आलं असेल, मासिक पाळी चालू असेल, जबरदस्ती झाली असेल तर धोका वाढतो. जोडीदाराला लागण नुकतीच, गेल्या काही आठवड्यांतली असेल तर त्याच्या रक्तात विषाणू उसळलेला असतो आणि धोका कितीतरी पटींनी चढतो. त्या काळात त्याची साधी तपासणी निर्दोषही येऊ शकते. म्हणून कागदावरच्या गुणाकारावर सगळं सोडू नये. नेमकं काय झालं, कुणाबरोबर, किती वाजता आणि अंगावर जखम होती का, हे चार प्रश्न विचारणारा माणूस समोर हवा. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठेच नाही. तो विचारला गेला, तर विचारणाऱ्याला आपलं काम कळलेलं नाही.

जोडीदाराबद्दलची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागेल, कारण ती आपल्या अंदाजाच्या उलट आहे. एचआयव्ही असलेला जो माणूस नियमित औषध घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू मोजता येण्याच्या खाली गेला आहे, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या मोठ्या अभ्यासात पुण्याचा वाटा आहे. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांवर झालेल्या या अभ्यासाचं एक केंद्र भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होतं. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित, एक नाही. 2011 साली निकाल आला: लवकर औषध सुरू केलेल्या गटात जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी कमी. पुढे युरोपातल्या पुरुष-पुरुष जोडप्यांच्या अभ्यासात, सुमारे 76 हजार वेळा निरोधाशिवाय संबंध येऊनही, औषधावर असलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. म्हणजे "मला एचआयव्ही आहे, मी गोळ्या घेतो, हा माझा रिपोर्ट" असं सांगणारा माणूस त्या रात्रीपुरता सुरक्षित, आणि "मला काही नाही" असं म्हणणारा, पण कधीच तपासणी न केलेला, खरा अनिश्चित. माणसं नेमकी पहिल्याला टाकतात आणि दुसऱ्यावर भिस्त ठेवतात.

एवढा सगळा हिशेब 72 तासांत कसा करायचा? करायचा नाही, निदान आधी तरी नाही. यात माझं मत ठाम आहे. धोका खरा असेल किंवा तो नाही असं खात्रीनं म्हणता येत नसेल, तर पहिली गोळी लगेच घ्यावी आणि चौकशी मागाहून करावी. कारण दोन चुका सारख्या नाहीत. गोळी विनाकारण सुरू झाली, तर दोन दिवसांनी जोडीदाराचा रिपोर्ट किंवा डॉक्टरचं मत बघून ती थांबवता येते. नुकसान म्हणाल तर थोडी मळमळ. गोळी विनाकारण राहिली, तर तो वेळ परत मिळवता येत नाही. जोडीदार तपासणीला तयार आहे, तिचा किंवा त्याचा रिपोर्ट उद्या येणार आहे, म्हणून आज थांबू, हा विचार शहाणपणाचा वाटतो, पण उलटा आहे. हे डॉक्टरच्या हातून व्हायला हवं, हे ओघानंच आलं. गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि कुणा नातेवाइकाच्या डबीतली उचलून घेण्यासारखीही ती नाही.

मिळते कुठे? राष्ट्रीय कार्यक्रमात 'पेप'चा भर दोन ठिकाणी आहे: कामावर सुई लागलेले कर्मचारी आणि लैंगिक अत्याचाराला सामोरं गेलेली व्यक्ती. 2017 चा एचआयव्ही कायदा रुग्णालयाला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'पेप'ची सोय करायला बांधतो. त्यामुळे मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ही गोळी असायला हवी, रात्री आणि रविवारीही. संमतीच्या संबंधानंतर आलेल्या माणसाबद्दल मात्र व्यवस्था अशी स्पष्ट बोलत नाही. काही ठिकाणी समजूतदार डॉक्टर देतात, काही ठिकाणी "ते आमच्याकडे नाही" ऐकावं लागतं. परिचारिकेच्या बोटाला टोचलेली सुई आणि फाटलेला निरोध यांत विषाणू भेद करत नाही; फाइल करते. अशा वेळी खासगी फिजिशियनची चिठ्ठी हा सरळ मार्ग आहे, आणि धार किंवा इंदूरसारख्या गावात गोळी मिळणं तालुक्यापेक्षा सोपं. इंदूरचं एम. वाय. हॉस्पिटल, म्हणजे महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचं मोठं सरकारी रुग्णालय, तिथे एचआयव्हीवर उपचार करणारं 'एआरटी' केंद्र आहे. जायचं कुठे हेच सुचत नसेल तर 1097 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. जवळचं केंद्र ते सांगतात आणि त्यासाठी नाव सांगावं लागत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा कॅज्युअल्टीत जावं आणि एकच वाक्य बोलावं: "एचआयव्हीचा धोका झाला आहे, इतके तास झालेत, 'पेप' हवं आहे." तासांचा आकडा उच्चारला की डॉक्टरलाही घाई कळते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 च्या जुलैत यावर नवी शिफारस केली. डॉक्टरच हवा आणि रुग्णालयच हवं हा हट्ट सोडा, प्रशिक्षित परिचारिका, फार्मासिस्ट, गावपातळीवरची केंद्रं यांच्याकडून 'पेप' मिळू द्या. ही शिफारस आपल्याकडे नीट उतरली, तर तिचा सर्वांत जास्त उपयोग सरदारपूरसारख्या गावांना होईल.

लोक जायला का घाबरतात, याचं उत्तर नुसत्या 'लोकलाजे'त संपत नाही. घाबरण्याला इतिहास आहे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो 1986 साली, मद्रासमध्ये. शोध लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देहविक्रयाच्या आरोपावरून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं आणि शंभरांतले सहा नमुने दोषी निघाले. पुढे सुनीतीबाईंनी वडलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावानं केंद्र काढून शेकडो साध्यासुध्या घरातल्या रुग्णांवर उपचार केले. पण देशाच्या डोक्यात पहिलं चित्र बसलं ते कैदेतल्या बायांचं, आणि ते अजून पुसलेलं नाही.

गोव्यात तर याहून वाईट झालं. पर्रा गावच्या डॉमिनिक डिसूझा यांनी रक्तदान केलं होतं. 1989 च्या फेब्रुवारीत पोलीस त्यांना घेऊन गेले, कारण त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला अलग ठेवण्याची मुभा दिली होती. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये त्यांना 64 दिवस डांबून ठेवलं. आईनं हायकोर्टात दाद मागितली. कोर्टानं कायदा उचलून धरला. सुटल्यावर डॉमिनिकनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि 1992 साली ते गेले. तपासणीच्या नोंदवहीत नाव लागलं की काय होऊ शकतं, हे पश्चिम किनाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे.

आज कायदा बरोबर उलट्या टोकाला आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि कोणाची एचआयव्हीची माहिती, मोजके अपवाद सोडून, परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. तपासणी आणि समुपदेशन सरकारी केंद्रात मोफत आहे. खोलीबाहेर बसलेला ओळखीचा शिपाई मात्र कायद्याच्या आवाक्याबाहेर राहतो. त्यामुळे आपल्या गावात न जाता शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याला जाणं, यात भित्रेपणा नाही. फक्त तो प्रवास त्याच दिवशी व्हावा.

स्त्रियांची गोष्ट वेगळी मांडायला हवी. बलात्कारानंतर कुठल्याही रुग्णालयानं, सरकारी असो की खासगी, मोफत प्रथमोपचार द्यायचे असतात. नाकारणं हा गुन्हा आहे. त्या उपचारात जखमांची काळजी, गर्भनिरोधक गोळी, इतर गुप्तरोगांवरचं औषध, हिपॅटायटिस बी ची लस आणि 'पेप' हे सगळं येतं. पोलिसांत तक्रार आधी, औषध नंतर, अशी अट कायद्यात नाही. मुंबईत 'सेहत' या संस्थेनं आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी मिळून अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी रुग्णालयातच मदतीची पद्धत बसवली, ती याच विचारानं: बाईला एका दारातून दुसऱ्या दारात हिंडवू नका.

आणि घरातली बाई? नवऱ्याला एचआयव्ही असल्याचं तिला कळलं, काल रात्री संबंध झाला होता आणि निरोध तर लग्नापासून कधीच नव्हता, अशा वेळी प्रश्न एका रात्रीचा राहत नाही. आधी तिची तपासणी. ती निर्दोष आली आणि शेवटचा संबंध 72 तासांतला असेल तर 'पेप'चा उपयोग आहे. नवऱ्याचा उपचार सुरू होऊन विषाणू दबेपर्यंत पुढच्या काळजीचं नियोजन वेगळं. पुष्कळदा प्रकार उलटा घडतो: गरोदरपणातल्या तपासणीत तिचाच रिपोर्ट आधी येतो आणि घरानं "हिनंच आणलं" म्हणायला सुरुवात केलेली असते. तपासणी आधी कुणाची झाली यावरून लागण आधी कुणाला झाली हे ठरत नाही, एवढं साधं वाक्य समुपदेशकाला किती घरांत पुन्हा पुन्हा बोलावं लागत असेल!

गोळी सुरू झाली की उरतात 28 दिवस. रोज एक, ठरावीक वेळी, जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोप कमी असं होऊ शकतं. बहुतेकांचं आपोआप शमतं. मुख्य अडचण वेगळ्याच जागी येते. आम्लपित्तावरची चघळायची गोळी, कॅल्शियम, लोह हे डॉल्युटेग्रॅव्हिरला आतड्यातच बांधून टाकतात, म्हणून एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. मळमळतं म्हणून माणूस हटकून अ‍ॅसिडिटीचं औषध घेतो आणि मुख्य गोळीच निकामी करतो! मधुमेहाचं मेटफॉर्मिन, क्षयाचं रिफाम्पिसिन, फिटची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगावं. सुरुवातीच्या रक्ततपासणीत एचआयव्हीबरोबर मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी पाहतात. हिपॅटायटिस बी आधीपासून असेल तर हीच गोळी त्यालाही दाबून ठेवते आणि 28 दिवसांनी एकदम थांबवल्यावर यकृताचा आजार उसळू शकतो. मात्र या रिपोर्टांसाठी पहिली गोळी अडवायची नाही.

अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ असतात. भीती पहिल्या आठवड्यात ओसरते, डबी लपवायचा कंटाळा येतो, एकत्र कुटुंबात रोज रात्री साडेनऊला कसली गोळी घेतोस असं आई विचारते. माकडांच्या प्रयोगात दहाव्या दिवशी औषध थांबवल्यावर काय झालं ते वर आलंच आहे. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, दोन एकदम घेऊन भरपाई करू नये. या महिन्यात आणि शेवटची तपासणी होईपर्यंत निरोध वापरावा, रक्तदान करू नये. त्यानंतरच्या तपासण्या सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. काही डॉक्टर सहा महिन्यांनीही एक करतात. मधे दोन-चार आठवड्यांत ताप, घसा, अंगावर पुरळ आलं तर वाट न पाहता दाखवावं. आणि 72 तास उलटून गेलेल्यानं गोळीच्या मागे न लागता याच तारखांना तपासणी करावी. लागण निघालीच तर उपचार मोफत आहेत आणि तो माणूस इतरांइतकंच आयुष्य जगू शकतो. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा वर्षाचा खर्च 350 डॉलरवर आणला, तेव्हा मोठ्या विदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या पुढे होता. 2017 मध्ये टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डॉल्युटेग्रॅव्हिरची ही गोळी गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे 75 डॉलरला मिळेल असा करार झाला, आणि ती बनते मुख्यतः भारतातच.

या गोळ्या बहुधा तीसच्या डबीत येतात. अठ्ठाविसाव्या दिवशी डबीत दोन उरतात, आणि त्या 'पुढच्या वेळेसाठी' जपून ठेवण्याचा मोह होतो. दोन गोळ्यांनी महिनाभराचा कोर्स होत नाही. पुढची वेळ येणार असं ज्याला आतून ठाऊक आहे त्याच्यासाठी धोक्याआधीच रोज घ्यायची गोळी आहे, तिला 'प्रेप' म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची ती असते आणि 'पेप'चा शेवटचा डोस झाला की दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येते. आधी एचआयव्हीची तपासणी मात्र हवी, कारण लागण आधीच झालेली असेल तर दोन औषधं पुरी पडत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावतो.